न बदललेली केबल

माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे भावोजी, सत्तावीस वर्षं एकाच टेबलाशी उभे राहून एकच काम करत होते. ऐकायचं. पाण्याच्या पंपाच्या मोटारी बनवणारा तो कारखाना. मोटार पूर्ण जुळून झाली की सगळ्यात शेवटी त्यांच्या टेबलावर यायची. ते ती चालू करायचे, हातभर लांबीचा लाकडी दांडा तिच्या पाठीला टेकवायचे, दांड्याचं दुसरं टोक कानाशी धरायचे आणि डोळे मिटायचे. दहा-बारा सेकंद, बस. मग मोटारीवर हिरवा नाहीतर लाल खडू ओढायचे. लाल खडूची मोटार मागे जायची आणि उघडली की आत काही ना काही निघायचंच. चरा गेलेली बेअरिंगची गोळी, किंचित वाकडा बसलेला शाफ्ट, कधी नुसता धातूचा कीस. "हिच्या पोटात खडा आहे," असं ते सांगायचे, आणि खडा असायचा.

एकदा कारखान्यात कंपनं मोजायचं यंत्र आलं. यंत्राने पास केलेली एक मोटार भावोजींनी लाल केली. यंत्र विकायला आलेला माणूस हसला. फोरमनने सगळ्यांच्या देखत मोटार उघडायला लावली, तर बेअरिंगची कडी केसाएवढी तडकलेली. त्या दिवसापासून कारखान्यात त्यांचं नाव 'कानसेन' पडलं. यंत्र राहिलं, पण टेबलही राहिलं आणि दांडाही राहिला.

मी तंत्रनिकेतनात विजेची मोजमापं शिकवतो. भावोजींचं शिक्षण शाळेपुरतं. ते मला चिडवायला 'प्रोफेसर' म्हणायचे आणि मी ते हसून घ्यायचो. पण खरं सांगायचं तर, घरात चार माणसं जमली की सगळे त्यांच्या कानांच्या गोष्टी ऐकायला बसायचे. माझ्या मोजमापांत कुणाला रस असणार?

त्यांना नाद एकच, गाण्याचा. पुढच्या खोलीत एक जुना अ‍ॅम्प्लिफायर, एक रेकॉर्ड प्लेअर आणि दोन लाकडी स्पीकर. रविवारी सकाळी आंघोळ करून ते त्या स्पीकरांसमोर असे बसायचे, जसा एखादा माणूस पाहुण्यांची वाट बघत बसतो. मी जवळच राहायचो, त्यामुळे बरेचसे रविवार मीही तिथे असायचो. ताई चहा आणून द्यायची आणि म्हणायची, "मला बाई सगळं सारखंच. आवाज येतोय ना, झालं तर मग."

या सगळ्याची सुरुवात मीच केली. ते मला टाळता येत नाही.

त्यांच्या स्पीकरांना घंटीची बारीक वायर लावलेली होती. कपाटामागून, दारावरून, खिडकीखालून फिरवून आणलेली, तीन ठिकाणी पिळून जोडलेली, जोडांवर हिरवा गंज चढलेला. मी म्हटलं, "भावोजी, ही आधी फेका. इतकी लांब आणि बारीक वायर अर्धा जीव वाटेतच खाते. आणि हे जोड बघा." एका रविवारी आम्ही दोघांनी मिळून जाड, सलग वायर ओढली, टोकं घासून घट्ट बसवली. मग त्यांनी त्यांची आवडती रेकॉर्ड लावली. गाणारी बाई म्हातारपणी गायलेली आहे त्यात, आवाज थोडा फाटलेला. भावोजी ऐकत राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"ही बाई इतकी वर्षं भिंतीपलीकडून गात होती रे," ते म्हणाले. "आज खोलीत आली."

फरक खरा होता. तो मलाही ऐकू आला. मी सांगितलं, "हे एवढंच असतं, भावोजी. वायर पुरेशी जाड, टोकं घट्ट, की विषय संपला."

माझ्यासाठी संपला. त्यांच्यासाठी तिथून सुरू झाला.

आधी त्यांनी आणखी जाड वायर आणली. मग तांब्याच्या बारीक तारांची रिळं आणून ते स्वतःच वेणी घालायला लागले. सोळा तारांची वेणी, वर सुती कापडाची नळी, टोकांना कथलाचा डाग. जेवायच्या टेबलाचा अर्धा भाग कायमचा त्या कामात गेला. घरभर राळेचा वास. मग केबल जमिनीला टेकता कामा नये म्हणून खाली लाकडी ठोकळे आले, आणि पुढच्या खोलीतून ताई साडी उचलून चालायला लागली. मग ऐकताना फ्रिज बंद. "तो विजेत घाण सोडतो," असं त्यांचं म्हणणं. दोनदा दूध नासलं, तेव्हा ताई रविवारचं दूध शेजारी ठेवायला लागली.

मी चुकून 'वायर' म्हटलं तर रागवायचे. "वायर इस्त्रीला असते, प्रोफेसर. ही केबल आहे."

"बरं, केबल. पण नवीन केबलचा आवाज आजच कसा कळणार म्हणता?"

"कळत नाही. पिकावी लागते. दोनशे तास गाणं वाहिलं की मोकळी होते."

मग ते मला मधल्या खुर्चीत बसवायचे. एक केबल लावायचे, ऐकवायचे. काढून दुसरी लावायचे, ऐकवायचे. "आला? बाईच्या मागे ती पोकळी आली ना?" मला काही यायचं नाही. वर्षानुवर्षं मी मान डोलावत आलो. पहिल्यांदा त्यांना बरं वाटावं म्हणून डोलावली, मग डोलावली नाही तर आधीची डोलावणी खोटी ठरेल म्हणून. मनातल्या मनात मात्र मी चिडत होतो. हा माणूस शास्त्र न शिकता मला बहिरा ठरवतो म्हणून.

एके दिवशी ताई कॉलेजात आली. फोन न करता. पायऱ्यांवरच बसली होती.

"अरे, ते नोकरी सोडतायत," ती म्हणाली. "पाच वर्षं उरलीत आणि सोडतायत. घरी केबली बनवून विकणार. फोरमन येणार आहेत म्हणे रविवारी ऐकायला. त्यांना पटलं की लगेच राजीनामा."

"तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार? मला सगळं सारखंच ऐकू येतं, मग माझ्या म्हणण्याला किंमत काय? तू समजाव. तुझं ऐकतील."

"ते कुणाचं ऐकतात, ताई? ते फक्त आवाज ऐकतात."

ती हसली, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. "तेवढं हे थांबव, धाकट्या. कसंही कर. पण थांबव."

मी कसंही केलं.

भावोजींना म्हटलं, रविवारी फोरमनच्या समोर नीट परीक्षाच घेऊ. तुमची उत्तम केबल एका बाजूला, कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातली साधी वायर दुसऱ्या बाजूला. मधे पडदा. मी पडद्यामागे चिठ्ठी उचलणार, चिठ्ठीत येईल ती जोडणार, तुम्ही नुसतं ऐकून सांगायचं. दहा फेऱ्या. फोरमनना खात्री पटेल, गिऱ्हाइकांनाही सांगता येईल.

ते इतके खूश झाले की मला मिठी मारली. "हाताच्या काकणाला आरसा कशाला? पण घे, घेच. दहा कशाला, वीस घे."

रविवारी फोरमन स्वच्छ शर्ट घालून आले. मोठा, हसरा, मनाने वाईट नसलेला माणूस. कारखान्यातले आणखी दोघं बरोबर. ताईने चादर दोरीवर टाकून पडदा केला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिथून तिला दोन्ही बाजू दिसत होत्या, पण ते माझ्या लक्षात आलं नाही. भावोजी मधल्या खुर्चीत, हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले. टेबलाशी उभे असताना जसे दिसत असतील, तसे.

मी चिठ्ठ्या खरोखरच करून आणल्या होत्या. पाच 'अ', पाच 'ब'. साधी वायर आधीपासून जोडून ठेवली होती. पहिली चिठ्ठी उघडली. 'अ'. म्हणजे भावोजींची केबल. मी स्क्रूला हात लावला आणि थांबलो.

माझ्या मनात एक हिशेब झाला. दहातली सहा उत्तरं अंदाजानेही बरोबर येतात. सात येऊ शकतात. सहा आली तर हे म्हणणार, बघा, सहा! आणि उद्या राजीनामा. मला सहा नको होती. मला एक घाव दोन तुकडे हवे होते.

मी चिठ्ठ्या खिशात टाकल्या. स्क्रू थोडा सैल केला, पुन्हा घट्ट केला, ठोकळ्यावर वायर आपटून आवाज केला आणि म्हटलं, "ऐका."

दहाही फेऱ्या मी तेवढंच केलं. दहाही फेऱ्यांत दुकानातली साधी वायरच होती.

भावोजी तल्लीन होऊन ऐकत होते आणि सांगत होते. "ही साधी. कोरडी आहे, तोंडातल्या तोंडात गातेय." दुसऱ्या फेरीला त्यांचा चेहरा फुलला. "ही माझी. आता बाई पुढे आली. ओळीच्या आधी श्वास घेते तो ऐका, फोरमनसाहेब. तो श्वास साध्या वायरीतून येतच नाही." फोरमन मान डोलावत होते. तिसरी 'साधी', चौथी 'माझी', पाचवी 'साधी', सहावी आणि सातवी पुन्हा 'माझी'. सातव्या फेरीला ते गाण्याबरोबर हलकेच झुलायला लागले. मी त्याच वेळी थांबू शकलो असतो. कुणाला काही कळलं नसतं. मी आठवी फेरी घेतली.

दहावी संपल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "किती?"

मी चादर बाजूला केली. "भावोजी, केबल बदललीच नाही. एकदाही नाही. पूर्ण वेळ दुकानातलीच होती."

ते उठून आले. अ‍ॅम्प्लिफायरमागे वाकून बघितलं. स्क्रूतली वायर बोटांनी चाचपली. त्यांची केबल बाजूला टेबलावर गुंडाळलेली होती, तिलाही हात लावला. कारखान्यातल्या दोघांपैकी एक जण फिसकन हसला आणि मग खोकल्याचं सोंग केलं.

"चिठ्ठ्या टाकायच्या ठरलं होतं ना?" भावोजी म्हणाले.

"हो. पण..."

"नाही, बरोबर आहे. बरोबर आहे." ते पुन्हा खुर्चीकडे गेले, पण बसले नाहीत. "पण मग तो श्वास कुठून आला? मला आला होता."

"तो रेकॉर्डमध्येच आहे, भावोजी. पहिल्यापासून. दहाही वेळा होता."

"पहिल्या वेळेला नव्हता," ते म्हणाले. हट्टाने नाही. एखादा माणूस हरवलेली वस्तू शोधताना बोलतो तसं. "पहिल्या वेळेला मला आला नाही."

फोरमनने वातावरण हलकं करायला त्यांच्या पाठीवर थाप मारली. "जाऊ द्या हो कानसेन. नोकरी वाचली तुमची."

मला जिन्यापर्यंत सोडायला ताई आली. दार ओढून घेऊन म्हणाली, "मला दिसत होतं. तू हातच लावत नव्हतास."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, थांबेल. सगळं थांबेल." मग ती म्हणाली, "त्यांचा चेहरा पाहिलास?"

सगळं थांबलं. राजीनामा दिला नाही. जेवायचं टेबल रिकामं झालं, ठोकळे गेले, फ्रिज चालू राहिला. केबली त्यांनी टोकं कापून भंगारवाल्याला देऊन टाकल्या. दोन आठवडे ताई आनंदात होती. तिसऱ्या आठवड्यात तिने मला विचारलं, "अरे, यांनी त्या दिवसापासून एकदाही गाणं लावलेलं नाही. हे काय आहे?"

मी म्हटलं, "होईल हळूहळू."

मला त्यात फारसं काही वाटलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. उलट मी ती गोष्ट वर्गात सांगायला लागलो. 'माझे एक नातेवाईक' म्हणून. मोजमाप करताना मोजणाऱ्याची अपेक्षा कशी आड येते, या धड्याला ती छान बसायची. भावोजींचा तो झुलणारा चेहरा मी करून दाखवायचो. पोरं पोट धरून हसायची.

फोरमनही ती कारखान्यात सांगत होते. दुष्टपणे नाही, कँटीनमध्ये, चहाबरोबर. भावोजींनी मोटारीला दांडा लावला की कुणीतरी ओरडायचं, "कानसेन, वायर बदलू का?" सगळे हसायचे. तेही हसायचे. पण नंतर त्यांच्या टेबलावर मोटारी साचायला लागल्या. जिथे दहा सेकंद लागायचे तिथे ते दोन-दोन मिनिटं ऐकत उभे राहायचे. दांडा काढायचे, पुन्हा लावायचे, दुसऱ्या कानाने ऐकायचे. लाल खडू उचलायचे आणि ठेवून द्यायचे. मागून लाइन थांबायची. वर्षभरात त्यांना त्या टेबलावरून काढून खोके बांधायच्या विभागात पाठवलं. टेबलावर यंत्र बसवलं. त्यांनी काही तक्रार केली नाही. ताईला एवढंच म्हणाले, "तिथे बरं आहे. पट्टी ओढायची, क्लिप दाबायची. बसली की बसली. त्यात आपल्याला काय वाटतं याचा संबंध नाही."

यानंतरच्या वर्षी पावसाळा संपल्यावर ताईला बारीक ताप यायला लागला. वजन उतरलं. ती म्हणाली, वय झालं. मग एके दिवशी थुंकीत रक्त आलं आणि आम्ही तिला घेऊन दवाखान्यात गेलो. भावोजी आणि मी.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी ताईच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ एकाच जागी धरून ठेवला. "इथे शीळ वाजतेय," त्या म्हणाल्या. "उजवीकडे, एकाच ठिकाणी. ही किती दिवसांपासून आहे?"

"कसली शीळ?" ताई म्हणाली. "मला तर काही ऐकू येत नाही."

"घरात कुणाच्या लक्षात आलं नाही? जिना चढताना, दम लागला की बाहेरूनही ऐकू येईल अशी आहे."

मी म्हटलं, नाही. माझ्या खरंच लक्षात आलं नव्हतं. भावोजी खाली बघत होते.

छातीचे फोटो काढले, तपासण्या झाल्या. उजव्या फुप्फुसाच्या वाटेत गाठ होती आणि ती आता तिथेच राहिलेली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना बाहेर बोलावून सांगितलं. चार-पाच महिने आधी आला असतात तर कापून काढता आली असती, असं त्या म्हणाल्या. दोष द्यायला नाही म्हणाल्या, विचारलं म्हणून सांगतेय म्हणाल्या. विचारलं भावोजींनी होतं.

त्या गेल्यावर आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. समोर चाकाच्या खुर्च्या एकात एक घालून ठेवलेल्या होत्या.

"सहा महिने झाले," भावोजी म्हणाले.

"काय?"

"आवाजाला. भाजी घेऊन वर यायची ना, तेव्हा. पहिल्या जिन्याला नसायचा. दुसऱ्या जिन्याच्या मधल्या वळणानंतर सुरू व्हायचा. आधी खूप बारीक. कोरडं बेअरिंग असतं ना, तसा. उजवीकडून येतोय हेसुद्धा मला कळत होतं. मी दारात उभा राहून रोज ऐकायचो."

"मग बोलला का नाहीत, भावोजी?"

हे मी विचारलं. तोंडातून शब्द गेले आणि मग मला कळलं की हे मी विचारतोय. मी.

ते माझ्याकडे वळले. रागावले असते तर बरं झालं असतं. "म्हटलं, वाटत असेल," ते म्हणाले. "मला वाटतं तसं नसतं ना. दहाच्या दहा वेळा."

मी बोलायला लागलो. भरभर, वर्गात कधी बोललो नाही असा. सांगितलं की ती परीक्षा वेगळी आणि हे वेगळं. डोळे मिटून बसलेल्या माणसाला आवाज बदलणार असं आधी सांगून ठेवलं, तर बदल ऐकू येतोच, कुणालाही येतो, मलाही आला असता. तो कानांचा दोष नाही, मनाची रीत आहे. पण मोटारीतला खडा तुम्हाला कुणी आधी सांगितलेला नव्हता. तो तुम्ही शोधायचात, मग मोटार उघडायची आणि खडा निघायचा. हजारो वेळा निघाला. प्रत्येक वेळी तुमची परीक्षाच होत होती आणि तुम्ही पास होत होता. तुमचे कान खोटे नव्हते, भावोजी. केबलीपुरतंच ते खोटं होतं. फक्त केबलीपुरतं.

त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मधे एकदा मान हलवली, समजलं म्हणून. मग म्हणाले, "हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

माझ्याकडे उत्तर होतं. तेव्हा मला जिंकायचं होतं. ते उत्तर मी दिलं नाही. मी म्हटलं, "सुचलं नाही."

"हां," ते म्हणाले, आणि उठून ताईकडे गेले.

ताईची मुलगी, म्हणजे माझी भाची, परगावाहून येऊन राहिली. ताई त्यानंतर आठ महिने होती. शेवटचे दोन महिने ती पुढच्या खोलीतच असायची, कारण तिथे उजेड चांगला येतो. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर भिंतीकडे सरकवून त्यांवर औषधं आणि टॉवेल ठेवले होते. भावोजी तिच्या उशाशी बसलेले असायचे. तिची शीळ आता दारातून आत आलेल्या कुणालाही ऐकू यायची. मला यायची, दूधवाल्याला यायची. एकदा ती मला म्हणाली, "तू असा चेहरा करून येऊ नकोस, धाकट्या. मीच सांगितलं होतं तुला, कसंही कर म्हणून."

"तू फक्त राजीनामा थांबव म्हणाली होतीस."

"तेच ते," ती म्हणाली आणि डोळे मिटले. दमली होती.

एका मंगळवारी दुपारी, भाची भांडी आवरत असताना, ती गेली. भावोजी शेजारीच होते, पण त्यांनी कुणाला हाक मारली नाही. भाची हात पुसत बाहेर आली तेव्हा ते ताईच्या तोंडाजवळ कान नेऊन बसले होते. भाचीला त्यांनी विचारलं, "तू बघ जरा. श्वास आहे का? मला नाही वाटत आहे. पण तू बघ."

आता ते एकटेच राहतात. निवृत्त झाले. भाची बोलावते, जात नाहीत. मी दर रविवारी जातो. आम्ही बसतो, पेपर वाचतो, चहा मी करतो. वर्गात मी तो धडा अजून शिकवतो, अभ्यासक्रमात आहे. पण 'माझे एक नातेवाईक' काढून टाकले आहेत. पोरांना धडा आता कंटाळवाणा वाटतो.

गेल्या रविवारी छतावरचा पंखा कुरकुरत होता. प्रत्येक फेऱ्याला एकदा, अगदी डोकं उठावं असा. माझं पेपरात लक्ष लागेना. ते मात्र खाली बसून शांतपणे वाचत होते.

"भावोजी, पंखा किती दिवस असा वाजतोय?"

त्यांनी मान वर केली नाही. "वाजतोय का?"

"तुम्हाला ऐकू येत नाहीये?"

त्यांनी एकदा पंख्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तुला येतंय ना? मग घाल तेल."

मी स्टूल घेतलं, पंखा बंद केला, वर चढून तेल सोडलं आणि उतरून बटण दाबलं. पंखा फिरायला लागला. त्यांनी पान उलटलं. मी थोडा वेळ बसलो आणि मग घरी आलो.